डेडलिफ्ट आणि सोयाबीनचा कट्टा

"सर, कट्टा पडला," असं म्हणून हणमंत जिमच्या पायरीवरच बसला. एक हात कंबरेवर, दुसऱ्यानं दाराची चौकट धरलेली.

कट्टा म्हणजे साठेक किलोचं पोतं. हणमंत आमच्या कळंबच्या मार्केट यार्डात हमाल आहे. वय बत्तीस-तेहतीस, अंगानं दणकट, उंचीला दाराएवढा. दीड महिन्यापासून तो माझ्या जिममध्ये वजन उचलायचं शिकत होता. आणि मी शिकवलेल्या माणसाच्या पाठीवरून भर यार्डात कट्टा घसरला होता.

"कुणाला लागलं का?"

"न्हाय. मागनं येणाऱ्याच्या पायापाशी पडला. थोडक्यात वाचला बिचारा."

"चाचा काय म्हणाले?"

"आठ दिवस बघतो म्हनले. न्हाय जमलं तर टोळीतनं काढून झाडलोटीला लावतो म्हनले."

रसूलचाचा हे त्यांच्या टोळीचे मुकादम. हमाल एकेकटे काम करत नाहीत, टोळीनं करतात. एकाची कंबर ढिली पडली की त्याचा भार बाकीच्यांवर येतो, त्यामुळं टोळीत आजारी माणसाला फार दिवस सांभाळून घेत नाहीत. झाडलोट म्हणजे सांडलेलं धान्य गोळा करायचं. ते काम म्हातारी माणसं करतात. हणमंतचे वडील याच टोळीत होते. कट्टा पडण्यात माझा हात आहे अशी शंका मला तेव्हाच आली होती. पण कसा, ते काही केल्या कळत नव्हतं.

मी वीस-बावीस वर्षं ट्रेनर आहे. त्याआधी स्वतः पॉवरलिफ्टिंग करायचो. त्यात तीन प्रकार असतात. स्क्वॅट म्हणजे खांद्यावर वजन घेऊन बैठक. बेंच प्रेस म्हणजे उताणं झोपून वजन वर ढकलणं. आणि डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहणं. माझा जीव डेडलिफ्टवर. पाठीला बाक येऊ द्यायचा नाही, ढुंगण मागं, बार पायाला घासत वर आणायचा आणि शेवटी छाती काढून, खांदे मागं खेचून उभं राहायचं. या शेवटाला लॉकआउट म्हणतात. लॉकआउट अर्धवट सोडणाऱ्याला मी फार बोलतो. पोरं पाठीमागं मला काय म्हणतात ते मला माहीत आहे.

हणमंत पहिल्यांदा आला तेव्हा कंबर दुखते एवढीच तक्रार होती. डॉक्टरांनी एक्स-रे काढून हाडात काही नाही, स्नायू आखडलेत, काही दिवस आराम करा म्हणून सांगितलं होतं. सोयाबीनच्या हंगामात हमालाला आराम कुठला? मी म्हटलं, चल, फॉर्म बघू. फॉर्म म्हणजे वजन उचलायची पद्धत. बारवर जेमतेम वजन लावलं, तर हा गडी पाठीची कमान करून हिसका मारायला लागला. मी चक्रावलो. दिवसभर पोती वाहणाऱ्याला जमिनीवरचा बार उचलता येत नाही? पण त्यावर मी थांबून विचार केला नाही. उलट खूश झालो. दुखण्याचं मूळ सापडलं असं वाटलं.

महिनाभरात त्याचा फॉर्म असा बसला की मी बाकीच्यांना बोलावून दाखवायचो. "बघा रे, याला म्हणतात लॉकआउट!" हणमंत लाजून हसायचा. मी त्याला बजावलं होतं, "हे इथंच ठेवू नको. यार्डातही असंच करायचं."

आणि आता हे. मी त्याला तिथंच रिकामा बार उचलायला लावला. समोरून बघितलं, बाजूनं बघितलं, मोबाईलवर शूटिंग करून हळू चालवून बघितलं. कुठं खोट काढायला जागा नाही.

"यार्डात काय वेगळं करतोस?"

"काहीच न्हाय सर. तुमी सांगितलं तसंच करतोय."

"मग दुखणं वाढलं कसं?"

"ते तुमालाच ठावं."

पुढचे तीन दिवस माझं डोकं चालेना. आधी चपलेवर संशय घेतला. त्याला सपाट बूट घालायला लावले, तर तो म्हणाला ट्रकला लावलेल्या फळीवर पाय सरकतोय. मग बाजेवर. बाज सोडून जमिनीवर झोप म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन, "सर, आता मानबी धरली ह्यांची. अजून काय सांगायचं राहिलं असलं तर एकदाच सांगून टाका." आठातले तीन दिवस गेले होते.

चौथ्या दिवशी सकाळी जिमला कुलूप लावलं आणि यार्डात गेलो. वीस वर्षांत मी तिथं दाळीसाठी सोडून कधी गेलो नव्हतो. वजन उचलण्याचा एवढा मोठा कारभार माझ्या जिमपासून दहा मिनिटांवर रोज चालतो आणि मी तो कधी थांबून बघितला नव्हता, याची लाज वाटली.

तिथं बघितलं तर जमिनीवरून एकटा कुणी उचलतच नव्हता. दोघं जण कट्ट्याचे कान धरायचे, कान म्हणजे पोत्याची टोकं, आणि हिसक्यात वर उचलून तिसऱ्याच्या पाठीवर ठेवायचे. तो तिसरा आधीच कमरेतून वाकलेला. पाठ पाटासारखी सपाट, कट्टा वर खांद्यांच्या मधोमध. तसाच वाकून तो तुरुतुरु फळीवरून ट्रकमध्ये जायचा. ताठ कुणी होतच नव्हतं.

मग हणमंतची पाळी आली. तो वाकला, कट्टा नीट बसला. आणि त्यानं ढुंगण पुढं घेतलं, छाती काढली, खांदे मागं खेचले. माझं लॉकआउट, जसंच्या तसं. कट्टा घसरत कमरेवर आला. तो दोन्ही हात मागं नेऊन, दात खाऊन कट्टा धरून चालायला लागला. सगळा भार नेमका दुखऱ्या जागेवर.

"चाचा, हा असा का उभा राहतोय?" मी विचारलं, तरी उत्तर मला कळलं होतं.

रसूलचाचा वजनकाट्यापाशी उभे होते. साठीचे, बारीक, पांढरी टोपी. "तुमीच शिकवलं म्हनं," ते म्हणाले. "एक विचारू का सर? तुमच्या जिमात वजन कुठनं उचलतेत?"

"जमिनीवरून."

"आन् कुठं नेतेत?"

"कुठं नाही. तिथंच खाली ठेवतात."

चाचांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मग उचलतेत कशाला?"

आजूबाजूची टोळी हसली. मला राग आला, खोटं का बोला. मी म्हटलं, द्या इकडं, मला द्या एक कट्टा. एकेकाळी याच्या तिप्पट वजन उचललेला माणूस मी. वाकलो. दोघांनी कट्टा ठेवला. आणि सगळं समोर बघितलेलं असूनही माझं अंग आपोआप ताठ झालं. कट्टा धप्पकन माझ्यामागं पडला, शिवण उसवली आणि सोयाबीन पसरलं.

"सर, तुमीबी झाडलोटीलाच," चाचा म्हणाले. या वेळी हणमंतही हसला. दीड महिन्यात तो एवढा मोकळा हसलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. मी मुकाट्यानं सोयाबीन गोळा केलं.

पण एक प्रश्न उरलाच होता. माझ्या शिकवणीनं दुखणं वाढलं हे खरं, पण सुरू कशानं झालं? मी तासभर ट्रकच्या मागच्या तोंडाशी उभा राहिलो. आत पोती एकावर एक रचतात, त्याला थप्पी म्हणतात. बाकीचे थप्पीपाशी आले की पाऊल टाकून सगळं अंग वळवायचे आणि कट्टा सोडायचे. हणमंतचे पाय जागचे हलत नव्हते. उंच असल्यामुळं त्याचा कट्टा तिथूनच थप्पीवर पोचायचा, म्हणून तो नुसती कंबर पिळून टाकायचा. दिवसभर, दर खेपेला.

मी चाचांना बोलावून दाखवलं. ते काट्यापाशी असतात, थप्पी त्यांच्या पाठीमागं. त्यांनी तीन खेपा बघितल्या. "ह्याचा बापबी असंच टाकायचा," ते हळूच म्हणाले. "त्याचीबी कंबर गेली. मला वाटायचं नशीब."

त्यांनी हणमंतला चार दिवस पाठीवर कट्टा घेऊ दिला नाही, पोत्यांची तोंडं शिवायला बसवलं. टोळीतल्या कुणी कुरकुर केली नाही. जिममध्ये मी त्याची डेडलिफ्ट बंद केली आणि गुड मॉर्निंग नावाचा व्यायाम सुरू केला. खांद्यावर बार घ्यायचा आणि पाठ सपाट ठेवून कमरेतून वाकायचं. मला हा प्रकार कधीच आवडला नाही, दिसायलाही बावळट दिसतो. पण हणमंतचं सगळं काम त्यात होतं. आम्ही रिकाम्या बारवर सुरुवात केली आणि मी त्याला वाकलेल्या अवस्थेतच चालायला आणि पाऊल टाकून वळायला शिकवलं. हे शेवटचं कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत.

मुदत संपली त्या सकाळी मीही यार्डात गेलो. हणमंत वाकला, कट्टा बसला, तो वाकलेलाच फळी चढला. थप्पीपाशी त्यानं पाऊल टाकलं, अंग वळवलं, कट्टा सोडला. खाली उतरला आणि चाचांपुढं उभा राहिला. चाचांनी त्याच्याकडं एकदा बघितलं.

"हितं काय उभारलास? दुसरा कट्टा कोन घेनार?"

हणमंत परत रांगेत गेला.

माझी आवडती एक्सरसाइज कोणती असं विचारलं तर अजूनही डेडलिफ्टच सांगेन. पण नवीन माणूस आला की आता मी त्याला बारजवळ नेत नाही. काम काय करता ते विचारतो, आणि सांगून भागत नाही, करून दाखवायला लावतो. हे कळायला मला दीड महिना लागला आणि एक कट्टा सोयाबीन झाडून गोळा करावं लागलं.