आमच्या जावयांचा समुद्र

पुण्याला समुद्र नाही, ही गोष्ट सगळ्या जगाने मान्य केली आहे. आमच्या जावयांनी केलेली नाही. माणूस धायरीचा, घराणं शेतकऱ्याचं, सात पिढ्यांत कुणी विहिरीपेक्षा खोल पाण्यात उतरलेलं नाही. नोकरी खराडीच्या काचेच्या इमारतीत. तरीही कोथरूडच्या सिग्नलला थांबले की समोरच्या बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे बघून हे वाऱ्याची दिशा सांगतात. मागचे लोक हॉर्न वाजवतात, त्याची त्यांना पर्वा नसते. दोरी दिसली की गाठ मारायची, हा दुसरा नाद. आमच्या गच्चीतली दोरी त्यांनी एकदा अशी बांधून दिली की घर रंगवताना ती कापावी लागली.

गेल्या वर्षी त्यांनी मोटार विकली आणि एक जुनी शिडाची होडी आणून डागडुजीसाठी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवली. ही जागा वाहनासाठी आहे, असं सेक्रेटरींनी लेखी कळवलं. यांचं उत्तर एका ओळीचं : 'हेही वाहनच आहे आणि धूर सोडत नाही.' मग त्यांनी जाहीर केलं की बिनपगारी रजा घेऊन, दिवाळीनंतर, माझी मुलगी आणि सात महिन्यांची नात यांच्यासह ते अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाणार. अडीच महिने.

जावयावर ओरडता येत नाही, ही आपल्याकडची मोठी गैरसोय आहे. मुलगी एकुलती, नात पहिली. मला खरोखर भीती वाटत होती. 'आपण जरा विचार करावा,' एवढंच म्हणालो आणि धायरीला व्याह्यांकडे गेलो. ते म्हणाले, 'इव्हाई, पोरगं माझं हाय, पर आईकतंय कुनाचं? तुमच्या पोरीचं आईकतंय, अन् ती तर शीड शिवाया बसलीया.' परत येताना, तिथेच आलेल्या जावयांनी मला दुचाकीवर मागे बसवलं. सिंहगड रस्त्यावर तिघे जण समोरून उलटे आले. तिसऱ्याला वाट देऊन हे शांतपणे म्हणाले, 'बाबा, समुद्रात असं कुणी येत नाही.' या सगळ्यात आमची ही एक शब्द बोलली नव्हती. ती माझ्याच बाजूची आहे, असं मी धरून चाललो.

ते गेले. रोज संध्याकाळी कुठल्यातरी खाडीतून नातीचा फोटो यायचा : अंगात नारिंगी जाकीट, कुणा कोळणीच्या कडेवर. सकाळी बागेत फिरायला येणारी मंडळी विचारायची, 'तुम्ही परवानगी दिलीच कशी?' महिनाभर मी त्यांच्या सुरात सूर मिसळला. एक दिवस डोकं फिरलं. म्हणालो, 'माझी नात आहे. तुम्ही आपापल्या नातवंडांच्या शिकवण्या बघा.' त्या दिवसापासून बागेतल्या बाकावर मी एकटाच बसतो.

संक्रांतीला बोरन्हाण करायला आम्ही दोघं गाडीने देवगडजवळ होडी लागली होती त्या खाडीकाठी पोचलो. काळं झबलं, चुरमुरे, पाच किलो बोरं, सगळं पुण्याहून नेलं होतं. खाऱ्या हवेने हलव्याचे दागिने तासाभरात चिकट झाले. पुळणीवर पाट मांडला. वाडीतली पंचवीस-तीस पोरं बोरांवर तुटून पडली आणि त्या गोंधळात नात खदाखदा हसत होती. ती इतकी हसते हे मला ठाऊकच नव्हतं.

आवराआवर झाल्यावर ही म्हणाली, 'तुम्ही गाडी घेऊन मालवणला या. मी यांच्याबरोबर होडीतून येते.'

'अगं, तुला पोहता येत नाही.'

'आपली मुलगी एवढीच होती, तेव्हा मालवणला म्हटलं होतं, होडीने किल्ल्यावर जाऊ. तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी.'

तिच्या आवाजात राग नव्हता. जावयांनी तिच्या जाकिटाचे पट्टे नीट आवळले आणि हात दिला. होडी खाडीबाहेर पडेपर्यंत तिने एकदाही मागे पाहिलं नाही. तेव्हा मी मुलीला जपलं, त्याची मला लाज नाही. पण तीस वर्षं ही ते पुढचं वर्ष मनात धरून होती, आणि मला तो प्रसंगसुद्धा आठवत नव्हता. मालवणला जाताना जिथे जिथे समुद्र दिसला, तिथे मी गाडी थांबवून उतरलो. शीड काही दिसलं नाही.