वादी हजर

भूतबित मी मानत नाही. आजही नाही. हे लिहितेय ते रागाने, त्यामुळे "शांती करून घ्या" असं कोणी कॉमेंटमध्ये लिहू नये, प्लीज.

मी वाशिम जिल्ह्यातली. मम्मीचं माहेर केनवड. आजोबांच्या शेतातला तिचा वाटा मामाने दिला नाही, म्हणून तिने तालुक्याच्या कोर्टात दावा लावला होता. दर तारखेला डबा घेऊन एसटीने जायची. जानेवारीत ती वारली. मी लगेच वकिलांना कळवलं. ते म्हणाले, "वारस म्हणून तुझं नाव लावून टाकतो बेटा. तू येऊ नको, कोर्टाचं तुला समजत नाही." माझं मुळात बोलणं कमी... मी गप्प बसले.

मार्चअखेर मामाचा फोन आला.

"कोर्टात कोणची बाई उभी केली वं तू?"

"काय?"

"माह्या वकिलानं मोबाइलवर दाखवलं. वाच ना, इंग्रजी शाळेत कायले घातलं होतं तुले? मेलेली माय हजर दाखवून राह्यली!"

कोर्टाची साइट उघडली. पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही. केस नंबर टाकला की झालं. मार्चमधल्या तारखेचा आदेश, इंग्रजीत, मोजक्या ओळी — वादी स्वतः हजर. वादीचे वकील पुकारा करूनही गैरहजर. शेवटची संधी.

मग मी मम्मी जिवंत असतानाचे आदेशही वाचले. वकील गैरहजर, वकील गैरहजर... आणि दरवेळी मम्मी हजर. वारसाचा अर्ज कुठेच नाही. मार्चच्या त्या तारखेला वादीही नसती तर दावा फेटाळला गेला असता. मामा त्याचीच वाट पाहत होता.

मला वाटलं, कुणीतरी जुनी ओळ कॉपी-पेस्ट केली असेल. दुसऱ्या दिवशी कोर्टात गेले. दारात उभं राहून नावं पुकारणाऱ्या शिपाईकाकांना मम्मीचं नाव सांगितलं.

"त्या बाई? होत्या ना. म्या पुकारा केला तं मागच्या बाकावरून म्हणे, 'आली ना बापा, कायले वरडतं?' दरखेपेचंच हाय त्याईचं. साहेबबी हासले."

हे उत्तर मम्मी घरी सांगायची आणि स्वतःच हसायची.

"काका, ती जानेवारीत वारली."

त्यांनी मागच्या बाकाकडे बोट दाखवलं. "मंग मांडीवर डबा घेऊन कोण बसलं होतं वं पोरी?"

डबा घरी आहे. धुऊन पालथा मीच ठेवलाय.

वकील आता फोन उचलत नाहीत. वारसाचा अर्ज मी दुसऱ्या वकिलांकडून लावला. बाकी कशाचाही खुलासा माझ्याकडे नाही... राग मात्र आहे. ज्याने फी घेतली तो गेला नाही, म्हणून मेलेल्या बाईला तारीख सांभाळावी लागली. तो आदेश साइटवर आहे, कोणीही फुकट वाचावा.

पुढच्या तारखेला मागच्या बाकावर मी असेन. चारचौघांत मोठ्याने बोलायला मला जमत नाही — पण पुकारा झाला की बोलेन.