व्हिएन्नातलं आठ दिवसांचं घर

सुनीती, हे तुझ्याबद्दल आहे आणि तुला विचारून लिहिलेलं नाही. विचारलं असतं तर "मी काय मंत्री लागून गेलेय?" म्हणाली असतीस आणि विषय चहावर नेला असतास. व्हिएन्नाहून आल्यापासून तू गप्प आहेस आणि सोसायटीत ज्याने त्याने अर्धवट काहीतरी ऐकलंय. परवा पार्किंगमध्ये बाबुराव कोणाला तरी सांगत होते की तुला तिकडे तुरुंगात टाकलं होतं. तेव्हा म्हटलं, झालं ते एकदा धड लिहूनच टाकावं. तू मला एकटीला सांगितलंस तसंच लिहिते. फक्त तुला 'ती' म्हणते, म्हणजे तुझं तोंड डोळ्यांपुढे येऊन हात अडणार नाही.

तर सुनीती. वय सदुसष्ट. कोथरूडला तळमजल्यावर राहते, साड्यांना फॉल-पिको करून देते. स्वभाव घाबरट. गॅस बंद केला का ते बघायला बसस्टॉपवरून परत येणारी. सगळे हसतात, पण तिची भीती फुकटची नाही. ती नऊ वर्षांची असताना शनिवार पेठेतल्या घरमालकाने त्यांचं सामान रस्त्यावर काढलं. गुन्हा काय, तर वडिलांनी न विचारता मोरीत जादा नळ बसवला. वळकट्यांवर बसलेली सुनीती, समोरून शाळेला निघालेल्या मैत्रिणी, आणि एकीनेही हाक मारली नाही. त्यानंतर लग्नाआधी आणि लग्नानंतर मिळून चार भाड्याची घरं झाली. प्रत्येक घरात पाऊल टाकण्याआधी आईने शिकवलेलं एक काम ती करायची: दाराच्या चौकटीवर ओल्या कुंकवाने बोटभर स्वस्तिक काढायचं. म्हणजे घर आपलं होतं आणि मालकाची भीती निम्मी होते.

मुलगा अवधूत हिंजवडीला नोकरी करतो. गेल्या मे महिन्यात त्याने सगळ्यांना व्हिएन्नाला न्यायचं ठरवलं.

"हॉटेल नाही, आई. अख्खा फ्लॅट घेतलाय आठ दिवस. स्वयंपाकघरासकट."

"मालक कसा आहे?"

"मला काय माहीत? मोबाईलवर बुक होतं."

"अरे, वाघोलीला खोली घ्यायची तरी माणूस चार खेपा घालतो. तू परक्या देशात तोंड न बघता घर घेतलंस?"

"फोटो आहेत ना."

"फोटो स्थळांचेही असतात."

सून सलोनी हसली. "अहो आई, माझाही फोटो बघूनच हो म्हणालात ना?"

"म्हणूनच सांगतेय."

हसण्यावारी गेलं, पण सुनीतीची झोप उडाली. मालकाने चौदा नियम पाठवले होते. ते तिने नातीकडून, ओवीकडून, तीनतीनदा वाचून घेतले. जिन्यात बोलायचं नाही, भिंतीला खिळा नाही, कचरा चार डब्यांत. एकही चुकला तर तो बाहेर काढेल, आणि परक्या देशात बॅगांवर बसून राहावं लागेल. निघेपर्यंत तिला एवढंच दिसत होतं.

घर खरंच होतं. पहिला मजला, पांढरं दार, किल्ली भिंतीवरच्या छोट्या पेटीत. अवधूतने आकडे फिरवले, पेटी उघडली, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. पोरं बॅगा आत ओढत असताना तिने पर्समधून कुंकवाची डबी काढली, बाटलीतल्या पाण्याचा थेंब घेतला आणि बेलशेजारी चौकटीवर अंगठ्याएवढं स्वस्तिक काढलं. चार टिंबांसकट. चौदा नियमांत याबद्दल काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळे प्राणिसंग्रहालय बघायला गेले. तिचा गुडघा दुखत होता, ती घरी राहिली. अकराच्या सुमाराला जिन्यात काठीचा आवाज आला आणि तिच्या दाराशी थांबला. बराच वेळ पुढे जाईना. तिने दार उघडलं.

नव्वदीच्या घरातली एक म्हातारी होती. हातात बाजारची पिशवी. सुनीतीने नमस्कार केला. म्हातारीने तिच्याकडे बघितलंच नाही. ती चौकटीकडे बघत होती. ती काहीतरी पुटपुटली, मग तेच पुन्हा, मोठ्याने. फोडणीचा वास गेला असेल वर, असं सुनीतीला वाटलं. ती धावत आत गेली आणि बेसनाचा लाडू घेऊन आली. म्हातारी मागे सरकली, कठड्याला धडकली, आणि काठी आपटत, धापा टाकत वर गेली. दार लागलं. एक कडी, दुसरी कडी, मग साखळी. सुनीती हातात लाडू घेऊन उभी.

पंधरा मिनिटांत अवधूतचा फोन.

"आई, दारावर काय काढलंयस?"

"काय म्हणजे? स्वस्तिक."

"पूस. आत्ताच्या आत्ता पूस. मालकाचा फोन होता. अगं, हिटलरची खूण आहे ती इथे! कायद्याने बंदी आहे. वरच्या बाईंनी पोलिसांना बोलावलंय."

"अरे पण टिंबं दिलीत मी!"

"आई, पूस!"

तिने ओला फडका आणला. पांढऱ्या रंगावरचं कुंकू पुसलं जाईना, पसरत गेलं. भांड्याचा साबण लावला. अंगठ्याएवढं होतं ते वीतभर झालं, गुलाबी, ओघळणारं. पदराने घासलं. नखांनी खरवडलं तर रंगाचा पोपडा निघाला. आता मालकाचं नुकसानही झालं. खाली दार वाजलं. दोन जणांचे बूट, एका लयीत, जिना चढताना. तिला आत पळायचं होतं, पण ती फडका धरून तिथेच उभी राहिली. नऊ वर्षांची झाली ती. दोन पोलीस समोर आले, एक पुरुष, एक मुलगी, तेव्हा तिने लाल झालेले दोन्ही हात पाठीमागे लपवले. मुलीने शांतपणे हात पुढे करायची खूण केली. तिने केले. तळवे बघून त्या मुलीचाही चेहरा क्षणभर उतरला, रक्तच वाटलं असणार. सुनीतीने डबी दाखवली, कपाळ दाखवलं, पुन्हा डबी दाखवली. "गॉड," म्हणाली. "हाऊस. गॉड." आणि मग लाज सोडून रडली.

अवधूत धापा टाकत पोचला. त्याने मोबाईलमधून कोथरूडचं दार दाखवलं, स्वतःची लग्नपत्रिका दाखवली, दिवाळीतली रांगोळी दाखवली. पोलीस मुलीने मान डोलावली, चौकटीचा फोटो काढला, चार ओळी लिहून घेतल्या. निघताना सुनीतीच्या दंडावर हात ठेवला. कोणी तुरुंगात टाकलं नाही, बाबुराव. मालकाने बाहेरही काढलं नाही. फोनवर तो एवढंच म्हणाला की वरच्या बाईंना आता त्रास देऊ नका. त्या चार वर्षांच्या असताना याच जिन्यावरून त्यांच्या वडिलांना नेलं, आणि आदल्या सकाळी दारावर ती खूण रंगवलेली होती. वडील परत आले नाहीत.

"मी वर जाऊन पाया पडते," सुनीती म्हणाली.

"नाही," अवधूत म्हणाला. "तू दार वाजवलंस तर त्या अजून घाबरतील."

जन्मभर ती मालकाच्या पावलांना घाबरली, आणि आता तिच्या पावलांना वर कोणीतरी घाबरत होतं. उरलेले सहा दिवस तिने घरात मोजे घालून चालून काढले. ओवी हसली तरी तिच्या तोंडावर हात ठेवायची. राजवाडा बघितला, बाग बघितली, काय बघितलं ते तिला सांगता येत नाही. सहा दिवसांत काठीचा आवाज एकदाही खाली आला नाही. बाई बाजाराला गेल्या नाहीत. मग खात काय असतील, एवढंच ती सलोनीला विचारायची. निघायच्या सकाळी बॅगा उतरवताना तिने वर बघितलं. कडीचा आवाज झाला. उघडली नाही, आणखी एक लागली.

आल्यावर चौथ्या दिवशी तू माझ्याकडे आलीस, सुनीती. "बाई, तुम्ही सव्वीस वर्षं कॉलेजात जर्मन शिकवलंत. मला एवढं एक पत्र लिहून द्या." मालकाकडून मिळवलेलं नाव आणि पत्ता अवधूतच्या अक्षरात चिठ्ठीवर होता. मजकूर तू मराठीत सांगितलास: मी दारावर ती खूण काढली ती तुम्हाला भीती घालायला नाही. मीही घाबरूनच काढली होती. खाली उतरत जा.

मी म्हटलं, "उद्या देते."

तीनदा लिहायला बसले. प्रत्येक वेळी ते आपलीच बाजू मांडणारं झालं: आमच्याकडे याचा अर्थ असा, आमची परंपरा तशी. वर्गात शिकवायला ठीक, त्या बाईच्या हातात द्यायला नाही. तुझ्या तीन वाक्यांपलीकडे एक शब्द लिहायचा नव्हता, आणि तेवढंच माझ्याने होईना. दोनदा तू विचारलंस. दुसऱ्यांदा मी तुझ्यावर खेकसले, "घाई काय आहे?" त्या बाईचं वय मला माहीत असताना. त्यानंतर तू विचारणं सोडलंस. काल भाजीवाल्याकडे भेटलीस, माझ्या बीपीची चौकशी केलीस, कोथिंबिरीची जुडी बघून घेतलीस आणि गेलीस.

चिठ्ठी माझ्या टेबलावर आहे. पत्र लिहिलेलं नाही.