हिरव्या किड्याचे सहा फोटो

बेलापूरच्या आमच्या गॅलरीत आईची जास्वंद होती आणि तिच्या दांडीवर तो हिरवा किडा बसायचा. नखाएवढा, कोवळ्या पानासारखा. मी डावीकडून गेले की दांडीच्या उजव्या बाजूला सरकायचा, उजवीकडून गेले की डाव्या. माझ्यासारख्या उतावळ्या मुलीचा अंत पाहायला देवाने तो मुद्दाम धाडला असावा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते. किडे मारून, टाचणीने टोचून त्यांची पेटी द्यायची होती. मला ते जमेना. सरांशी भांडून मी फोटोंच्या अल्बमची परवानगी मिळवली.

सर हसले. "फोटोवरून प्रत्येकाची ओळख पटली पाहिजे. ज्याची पटणार नाही, तो मारून आणायचा."

बाकीचे किडे पास झाले, हा एकच उरला. मामाच्या कॅमेऱ्यासमोर भिंग धरून मी त्याचे सहा फोटो काढले. पण रोल छत्तीसचा, आणि संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही हा घरचा कायदा. उरलेले फोटो मी दोन दिवसांत उडवले. बादली, सोसायटीचा जिना, दिवाळे गावाहून मासे घेऊन येणाऱ्या मावशीची पाटी. "फोटू ऱ्हाव दे, म्हावरा घे पयला," ती म्हणाली. आई म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." स्टुडिओत मी दिवसातून दोनदा चकरा मारत होते.

शनिवारी फोटो हातात आले, तशीच कॉलेजात धावले.

"तुडतुडा की त्याच्यासारखाच दिसणारा प्लांटहॉपर?" सरांनी विचारलं. "मिशा कुठे आहेत त्यावरून ठरतं. दाखव."

मी फोटो डोळ्यांजवळ नेले. डोक्यावर काहीच नव्हतं. "दिसत नाहीत, सर."

"नीट बघ. घाई नाही."

मला होती. सोमवारी अल्बम द्यायचा होता. "नाहीतच, सर."

"मग आण त्याला."

रविवारी जॅमच्या बाटलीत नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा टाकला आणि ती दांडीखाली धरली. त्या दिवशी तो सरकला नाही. टुणकन उडी मारून आपणहून आत पडला. मी झाकण लावलं आणि गॅलरीत येरझाऱ्या घालू लागले. चारदा झाकण उघडायला हात नेला, चारदा मागे घेतला. पाचव्यांदा बघितलं तेव्हा तो उताणा पडला होता. आई बाहेर आली आणि बाटली बघून म्हणाली, "मारायचाच होता, तर एवढा रोल कशाला वाया घालवलास?"

सोमवारी सरांनी तो भिंगाखाली धरला. "प्लांटहॉपर. या बघ मिशा, डोळ्यांच्या खाली."

खाली! मी झुरळासारख्या लांब मिशा डोक्यावर शोधत होते. घरी येऊन चौथा फोटो भिंगाखाली धरला. डोळ्याच्या खाली एक बारीक गाठ, तिच्यातून निघालेला केसाएवढा तंतू. स्वच्छ दिसत होता. शनिवारीही तो तिथेच होता, मला नीट बघायला वेळ नव्हता. नापास झाले असते तरी इतकी लाज वाटली नसती.

टाचणी टोचून पेटीत ठेवलेला तो किडा महिन्याभरात वाळक्या गवतासारखा पिवळा पडला. फोटोत तो अजून हिरवा आहे, आणि त्याच्या मिशा आता मला भिंगाशिवाय दिसतात.