लाल कोट घालून बघितलेला कार्यक्रम

बँडवाल्यांकडं किस्से किती साचतात म्हणून सांगू! वरात म्हणजे चार पावलं चालायचं आणि अर्धा तास थांबायचं. नवरदेवाचा मामा रुसला, थांबा. घोडा बिथरला, थांबा. एवढं थांबल्यावर गल्लीभरच्या भानगडी कानावर येणारच की! वीस वर्षं झाली मी आमच्या बँडात सॅक्सोफोन वाजवतोय. एरवी गडमुडशिंगीच्या दूध संस्थेत नोकरी आणि लगीनसराईत लाल कोट. किस्स्यांचं पोतं भरलंय नुसतं. पण त्यातले निम्मे एकाच रविवारचे आहेत, आणि त्या रविवारी आम्ही वाजवायला गेलोच नव्हतो. टीव्ही बघायला बसलो होतो!

त्या वर्षी पंचगंगेचं पाणी आमच्या बँडच्या खोलीत पत्र्यापर्यंत चढलं होतं. पाणी उतरलं, पण आमच्यातल्या बऱ्याच जणांची घरं राहण्याजोगी नव्हती. मुक्काम गल्लीच्या वरच्या अंगाला, विहाराच्या हॉलमध्ये.

एक दिवस इस्माईल फोन घेऊन पळत आला. इस्माईल आमचा ट्रंपेटवाला.

"रविवारी दुपारी टीव्हीवर लई मोठा कार्यक्रम हाय. तीन तास! देशातलं मोठमोठं गाणारं, शंभर वाजवणारं, आणि सगळी फुकट करणार. पूरग्रस्तांसाठी!"

पांडबा आमचा साईड ड्रमवाला. त्यानं कौतुकानं मान हलवली. "चांगलं काम हाय. बिचारं पूरग्रस्त. कुठलं रं हाईत?"

"कुठलं म्हंजे? तू की लेका!"

पंधरा दिवस गडी सतरंजीवर झोपत होता, मदतीत आलेलं ब्लँकेट पांघरत होता, तरी चाट पडला! मग गालावरून हात फिरवत म्हणाला, "आयला… मग दाढी कराय पायजे."

आम्ही हसलो खरं. पण मलाही ते लागलं. जन्मभर दुसऱ्याच्या दारात वाजवलं. कुणाचं लग्न, कुणाचा सत्कार, कुणाचा निवडणुकीचा गुलाल. आपल्यासाठी कुणी वाजवेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

* * *

आता दशरथ मास्तरांचं सांगतो. ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मास्तर म्हणजे आमची क्लॅरनेट. काळ्या लाकडाची, त्यांच्या वडिलांच्या हातातली. पाणी चढायला लागलं त्या सकाळी मी मुडशिंगीत नोकरीवर अडकलेलो, इस्माईल हातकणंगल्यात सासरी, रस्ते सगळे बंद, बाकीचे आपापली घरं हलवण्यात. मास्तरांनी एकट्यानं छातीएवढ्या पाण्यातून खेपा घातल्या. पहिल्या खेपेला माझा सॅक्सोफोन आणि ट्रंपेटं. दुसऱ्या खेपेला ड्रम. स्वतःची क्लॅरनेट वरच्या फळीवर होती, म्हणून ती शेवटी. तिसऱ्या खेपेला निघाले तेवढ्यात कळलं, इस्माईलची आई माळ्यावर एकटीच अडकलीय. मास्तर तिकडं वळले. म्हातारीला खांद्यावर घेऊन आले आणि मागं बघितलं, तर खोलीचं दारच दिसत नव्हतं.

आठ दिवस पाण्यात राहून लाकूड फुगलं, चिरलं, चाव्या हलेनात. मास्तरांनी पेटी इस्माईलच्या हातात दिली. "भिजल्याल्या गाद्यांच्या ढिगावर टाकून ये. माझं झालं. बँड आता तुमी बगा."

क्लॅरनेटवाल्या मास्तराशिवाय बँड कसला हो? तुळशीच्या लग्नानंतर सुपाऱ्या सुरू होणार. फोनवर लोक पहिलं हेच विचारायचे, "मास्तर हाईत न्हवं?" आम्ही "हाईत की" म्हणायचो आणि फोन ठेवून एकमेकांची तोंडं बघायचो. दुसरी क्लॅरनेट आणू म्हटलं, तर मास्तर सरळ हात जोडायचे.

रविवारी टीव्हीपुढं यायलाही तयार नव्हते. तेव्हा त्यांच्या बायकोनं, सुशीलाक्कांनी, पदर खोचला. "सतरा दिवस पाण्याकडं बगत बसलाय, तीन तास टीव्हीकडं बगा. उठा!"

मास्तर उठले. अक्कांनी वेळेवर सांगितलं असतं, तर पंचगंगासुद्धा उतरली असती!

* * *

दोन वाजता पांडबा हॉलमध्ये आला तो युनिफॉर्म घालून. लाल कोट, सोनेरी दोऱ्या, एका बाहीवर पुराच्या चिखलाचा डाग. दाढी गुळगुळीत.

"हे काय रं ध्यान?"

"ती माणसं आपल्यासाठी नटूनथटून वाजवणार. आपण काय बनियनवर बसायचं व्हय?"

बोलणं खरं होतं. एकेक करून आम्ही उठलो आणि कोट चढवून आलो. अकरा लाल कोट टीव्हीपुढं दोन रांगा करून बसले. मास्तरांनी तेवढा कोट घातला नाही, पण अक्कांनी आणून मांडीवर ठेवला. इस्माईल टॉवेलात गुंडाळलेलं एक गाठोडं खुर्चीखाली सरकवून बसला होता. डबा असेल असं मला वाटलं.

तेवढ्यात पुण्याहून मदतीचं सामान घेऊन एक मॅडम आल्या. आत बघून दारातच थबकल्या. "सॉरी हं… इथं लग्न आहे का?"

"या, बसा पावणं," पांडबा म्हणाला, "आज आमी वऱ्हाडी हाय!"

* * *

आमच्या धंद्यात एक रीत आहे. दोन वराती समोरासमोर आल्या की लहान बँडनं थांबायचं. मोठा बँड वाजवत पुढं येतो, सलामी देतो आणि थांबतो. मग लहान बँडनं उत्तर द्यायचं, आणि ते सुरू करायचं एकट्या क्लॅरनेटनं. एकाचं चालू असताना दुसऱ्यानं गप्प बसायचं. उत्तर न देता पुढं गेलं, तर ती मोठी नाचक्की. मास्तरांच्या वडिलांपासूनचा नियम.

राधानगरीला एकदा अवकाळी पाऊस कोसळत होता आणि समोरून दुसरा बँड आला. त्यांची सलामी झाली, तर मास्तर तसेच भिजत उत्तर द्यायला उभे. नवरीचा काका खेकसला, "अवो, मुहूर्त चाललाय!" मास्तरांनी क्लॅरनेट तोंडातून काढली आणि थंडपणे सांगितलं, "मुहूर्त दुसरा निगंल. सलामी परत कोण दील?" असा माणूस!

तर तीन वाजता टीव्हीवर पडदा सरकला. शंभर माणसं वाद्यं घेऊन बसलेली. पांडबा हळूच म्हणाला, "मोठा बँड आला रं समोरनं." आणि आपोआप आम्ही सगळे गप्प झालो, कुणीतरी चहाचा कपसुद्धा खाली ठेवला.

काय सांगू तुम्हाला! चाळीस व्हायोलिनं, आणि चाळीसांचे हात एकदम वर, एकदम खाली. इस्माईल ट्रंपेटं मोजत होता. "बारा! बारा हाईत! आणि एक बी बोंबलत न्हाय!" आम्ही दोन ट्रंपेटांत अख्खी शाहूपुरी जागी करतो. इथं बारा जणांनी मिळून एक सूर असा हलका लावला की माझ्या अंगावर काटा आला. संगीत एवढं मोठंही असतं आणि एवढं हळूही असतं, हे मला त्या दिवशी कळलं. वीस वर्षं मी नुसता फुंकत होतो की काय, असं वाटलं.

"मदी उभा ऱ्हायलाय तो काय बी वाजवत न्हाय," पांडबा म्हणाला.

मास्तर त्या दुपारी पहिल्यांदा बोलले. "त्येची पाठ बग. कोट भिजलाय घामानं. सगळ्यांचं तोच वाजवतुय."

* * *

मग जाहिराती लागल्या, आणि पांडबानं घोळ घातला.

वरातीत गाणं संपलं तरी ड्रम थांबवायचा नसतो. ड्रम थांबला की नाचणारे खाली बसतात, आणि बसलेला वऱ्हाडी पुन्हा उठत नाही. हे पांडबाच्या हाडात मुरलेलं. टीव्हीवर गाणं थांबलं, साबणाची जाहिरात आली, आणि ह्यानं जेवणाच्या ताटावर दोन चमच्यांनी ठेका धरला! हॉलमधली पोरं उठली नाचायला. पुण्याच्या मॅडमसुद्धा उठल्या.

तिसऱ्या वेळेपर्यंत अशी गत झाली की पोरं विचारायला लागली, "जाहिरात कवा लागणार?"

आणि एकदा तर कमाल झाली. जाहिरात संपली, पलीकडं शंभर जणांनी उचललं, आणि बरोबर पांडबाच्या समेवर! हॉल ओरडला. पांडबानं चमचे थांबवले नाहीत, फक्त मान वर केली. "माझ्यामुळं सापडली त्यास्नी."

* * *

शेवटाकडं, वाजवणाऱ्यांच्या मागच्या मोठ्या पडद्यावर पुराची दृश्यं दाखवायला लागले. आणि बघतो तर काय, आमचीच गल्ली! पाण्यात निम्मा बुडालेला आमचा दिव्यांचा गाडा, त्याच्यावर बँडची पाटी. "आलो की रं टीव्हीवर!" पांडबा उठून नाचायला लागला.

मग कॅमेरा पुढं सरकला आणि आमच्या बँडची खोली दिसली. पाणी दारावर गेलेलं, पण वरच्या फळीजवळची खिडकी अजून कोरडी होती.

पांडबा खाली बसला. आम्हा सगळ्यांना एकच कळलं, त्या घटकेला क्लॅरनेट वाचलेली होती.

"तवा गेला असता तर घावली असती वो," सुशीलाक्का म्हणाल्या.

मास्तर पडद्याकडंच बघत होते. "तवा खांद्यावर म्हातारी हुती."

इस्माईलनं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्याची आई मागच्या रांगेत बसली होती, चष्मा पुसत.

* * *

कार्यक्रम संपला. शंभर माणसं उठून उभी राहिली, कॅमेऱ्याकडं वळली, वाद्यं छातीशी धरून वाकली.

हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. आम्ही सगळे मास्तरांकडं बघत होतो. मास्तर खाली मान घालून बसले होते, मांडीवरचा कोट दोन्ही हातांत घट्ट धरून.

"सलामी दिली त्येनी," ते म्हणाले. "आणि आपल्याकडं उत्तर न्हाय."

इस्माईल वाकला, खुर्चीखालचं गाठोडं ओढलं आणि टॉवेल सोडला. आत क्लॅरनेटची पेटी.

"टाकली न्हवती मास्तर. मिरजेला कारागिराकडं दिलती. खालचं सूर निगायचं न्हाईत म्हणालाय. वरचं तेवढं निगत्यात. अर्धीच झालीया, म्हणून तुमास्नी द्यायचा धीर हुईना."

मास्तरांनी पेटी उघडली. चिरेवर काळा दोरा आवळून गुंडाळलेला. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. मग उठले, कोट चढवला, सगळी बटणं लावली. क्लॅरनेटच्या तोंडाची पत्ती जिभेवर ओली केली आणि आमच्यावर डाफरले, "उठा की! बसून सलामी देत्यात व्हय?"

अकरा लाल कोट खाडकन उभे राहिले.

पहिला सूर फाटला. दुसराही फाटला. तिसरा लागला, आणि मास्तरांनी डोळे मिटून तो सोडलाच नाही. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, सांगायला लाज कसली!

टीव्हीवर निवेदिका आभार मानायला लागली होती. एकेक नाव घेत होती, आणि तिचा आवाज मास्तरांच्या सुरावर चढत होता.

सुशीलाक्का तरातरा पुढं गेल्या, रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज बंद केला.

"थांबा की वो पावणं! तुमचं ऐकलं न्हवं तीन तास? आता आमचं ऐका!"