स्ट्रेचरवाल्या महाची शब्दफोड

महा खाम्फान जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात स्ट्रेचर ढकलत असे. 'महा' हे त्याचं नाव नव्हे, पदवी. बाराव्या वर्षी त्यानं चीवर पांघरलं, पंचवीस वर्षं विहारात काढली, पालीच्या सहा परीक्षा पास केल्या आणि सदतिसाव्या वर्षी चीवर उतरवून घरी आला. चीवर परत घेतात, पदवी परत घेत नाहीत. म्हणून आमच्या रुग्णालयात डॉक्टरला नुसतं डॉक्टर म्हणायचे आणि स्ट्रेचरवाल्याला महा.

पदवी अगदीच वाया गेली असं नाही. बँकॉकच्या शहाण्यांनी दवाखान्याच्या पाट्यांवरचे शब्द जुन्या भाषेतून घडवलेत. 'चक्षुवैद्य' अशा पाटीखाली उभी राहून खेड्यातली म्हातारी विचारायची, डोळ्यांचा डॉक्टर कुठं बसतो? महा पाटीकडे बोट दाखवायचा. "चक्षु म्हणजे डोळा, मावशी. वैद्य म्हणजे डॉक्टर. तुम्ही त्याच्याच दारात उभ्या आहात."

"मग डोळा असं लिहायला काय धाड भरली होती?" म्हातारी विचारायची. महा स्ट्रेचर घेऊन पुढं जायचा.

पाटीची फोड तो पुरती करून द्यायचा, पण रोगाच्या नावाला हात घालताना त्याचा एक नियम होता. तुकडे सांगायचे, जोडून सांगायचं नाही. 'रक्त' आणि 'फिकं' एवढं तो सांगे, पुढचं डॉक्टरनं बघावं. लोक त्याला भित्रा म्हणत. तो भित्रा होताच, पण नियमाचं कारण वेगळं होतं. आयुष्यात एकदाच तो मोठं खोटं बोलला होता आणि ते त्याला अजिबात जमलं नव्हतं.

चीवर उतरवायचं तर गुरूंचा निरोप घ्यावा लागतो. त्याचे गुरू म्हणजे विहाराचे प्रमुख, लुआंग पू इन्ता. सगळा गाव त्यांना लुआंग पू, म्हणजे आजोबाच, म्हणे. त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसून खाम्फाननं सांगितलं, "आई आजारी आहे. तिचं करायला कुणी नाही." खरी गोष्ट अशी की विहाराच्या फाटकाशी बुआलोय नावाची बाई उखळात कच्च्या पपईचं सोम तम कुटायची, आणि मागची दोन वर्षं खाम्फानचं पाठांतर त्या उखळाच्या ठेक्यावर चाललं होतं. लुआंग पू म्हणाले, "आईची सेवा कर."

आई त्यानंतर चौदा वर्षं ठणठणीत जगली. दर उपोसथाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या व्रताच्या दिवशी, डोक्यावर डबा घेऊन विहारात यायची. लुआंग पू दर वेळी विचारायचे, "आता बरं आहे ना?" ती म्हणायची, "मला काय होतंय, लुआंग पू?" खाम्फान शेजारी बसून जमिनीकडे बघायचा. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ती आंबे उतरवायला शिडीवर चढली आणि पडून गेली. तिच्या चितेपाशी लुआंग पूंनीच मंत्र म्हटले. खोट्याचा विषय तेव्हाही निघाला नाही.

गेल्या वर्षी रुग्णालयात तपासणी पथक येणार म्हणून संचालकांनी हुकूम काढला, की आया, मदतनीस आणि स्ट्रेचरवाले या सर्वांनी वैद्यकीय शब्दांचं प्राथमिक ज्ञान घ्यावं. बारा आठवड्यांचा वर्ग. जेवणानंतर कँटीनमध्ये. शिकवणार नोंदणी विभागाची सावनीत, वय अठ्ठावीस. तिनं फळ्यावर तीन रंगांत लिहिलं: पुढं लागतो तो तुकडा हिरवा, मधला काळा, शेवटचा लाल.

बाकीचे आ वासून बघत राहिले. महा एकोणसाठाव्या वर्षी पहिल्यांदा त्या इमारतीत हसला. "हे तर उपसर्ग, धातू आणि प्रत्यय," तो म्हणाला. "भाषा कुणाची आहे ही?"

"ग्रीक आणि लॅटिन, काका."

"ती माणसं आहेत अजून?"

"ग्रीक आहेत. लॅटिन बोलणारं आता कुणी नाही."

"म्हणजे पालीसारखंच," महा म्हणाला आणि त्याला घरी आल्यासारखं वाटलं.

शरीराचे अवयव कोणाला सांगता येतील, असं तिनं विचारल्यावर महानं केस, रोम, नखं, दात, त्वचा इथपासून सुरुवात करून भिक्षूंना पाठ असतात ते बत्तीसच्या बत्तीस भाग एका दमात म्हणून दाखवले. यकृत, प्लीहा, फुप्फुस, पित्त, लाळ, शेंबूड, काही सोडलं नाही. सावनीतनं त्याच्या नावापुढं 'हजर' अशी खूण केली.

त्याचा जोडीदार थोंगदम याची पद्धत निराळी होती. उपसर्ग म्हणजे चटणी, धातू म्हणजे भात, प्रत्यय म्हणजे जेवल्यावर पोटाचं काय झालं ते. "शेवटी 'आयटिस' असेल तर आग," तो म्हणे, "'एक्टोमी' असेल तर कापलं, 'ओमा' असेल तर गाठ." महाला ही पद्धत अडाणीपणाची वाटे. ती चुकत मात्र नसे.

नवव्या आठवड्यात लुआंग पू इन्ता रुग्णालयात आले. वय चौऱ्याऐंशी, डोळे हळदीसारखे पिवळे. भिक्षूला बायकांनी हात लावायचा नाही, म्हणून भिक्षूंची सगळी ने-आण महाकडेच असे. गुरूच्या डोक्यापाशी उभं राहायचं नाही, आणि स्ट्रेचर ढकलतात तर डोक्याच्या बाजूनं. महानं ते पायांच्या बाजूनं ओढत नेलं. थोंगदम म्हणाला, "बैलगाडी दिसतेय." लुआंग पू हसले.

स्कॅनसाठी थांबायचं होतं. समोरच्या भिंतीवर आरोग्य खात्याचं पोस्टर होतं, आमच्या भागात ते प्रत्येक भिंतीवर आहे: नदीतला मासा, माशाच्या अंगात पानासारखा किडा, मग माणसाचं यकृत, यकृतात गाठ, आणि खाली 'शिजवून खा'. वीस वर्षं लोक त्या पोस्टरखाली बसून डबा उघडतात आणि डब्यात कच्चा आंबवलेला मासा असतो. लुआंग पूंनी ते पोस्टर वरपासून खालपर्यंत वाचलं. त्यांना कुठलीही गोष्ट अर्धी वाचायची सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं विहार समितीच्या थाविनला बाजूला घेऊन निदान सांगितलं. थाविन पूर्वी कामनान, म्हणजे आसपासच्या गावांचा मुखिया होता आणि अजून सगळे त्याला कामनानच म्हणत. त्यानं डॉक्टरला, नर्सना आणि शेवटी महाला गाठलं.

"लुआंग पूंना कळता कामा नये. अळीमिळी गुपचिळी. पोटात व्रण आहे, एवढंच सांगायचं."

"व्रण आहे असं मी म्हणणार नाही, कामनान."

"अरे, मग काय म्हणणार?"

"काहीच नाही म्हणणार."

"तेच सांगतोय मी. माणसाला कळलं की मन खचतं, आणि मन खचलं की माणूस आठ दिवसांत जातो. माझ्या मेव्हण्याचं बघितलंस ना?"

हे खरं होतं आणि थाविनचा जीवही लुआंग पूंवर होता. पण त्याची एवढी धावपळ चालली होती ती त्यामुळे नव्हे. थाविनच्या घरचा आंबवलेला मासा पंचक्रोशीत नावाजलेला. आधी त्याची आई, मग बायको, चाळीस वर्षं दर उपोसथाला तो लुआंग पूंच्या भिक्षापात्रात घालत आल्या. भिक्षूनं कच्चं मांस घ्यायचं नाही असा नियम आहे. आंबवलेला मासा कच्चा की शिजलेला, यावर गावात कधी एकमत झालं नाही, आणि मासा चविष्ट असल्यामुळे कुणी घाईही केली नाही. डॉक्टरनं थाविनला विचारलं होतं, "ते मासा कच्चा खायचे का?" थाविन म्हणाला होता, "माहीत नाही."

महानं गप्प राहण्याचं वचन दिलं. तीन दिवस पाळलं. त्या तीन दिवसांत तो जेवला थोडा आणि स्ट्रेचर दोनदा भिंतीला धडकवलं.

चौथ्या दिवशी सकाळी भिक्षूंच्या वॉर्डात दोघंच होते. पायथ्याशी फाइल लटकत होती. डॉक्टर लोक निदान इंग्रजीत लिहितात, ते लुआंग पूंना वाचता येत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा एखादा शब्द त्यांच्यासमोर होता आणि त्यांना फोडता येत नव्हता.

"तू ही भाषा शिकतोस म्हणे."

"नऊच आठवडे झाले, लुआंग पू."

"नऊ आठवड्यांत तू पालीची तीन प्रकरणं म्हणायचास. वाच."

महा फरशीवर बसला आणि त्यानं हात जोडले. "डॉक्टर सांगतील."

"डॉक्टर व्रण म्हणतो. चांगला मुलगा आहे, म्हणताना कान लाल होतात त्याचे. खोन केनच्या मोठ्या रुग्णालयात जाऊन पोट कापून घ्यायचं, की विहारात जाऊन पडायचं, हे मला ठरवायचंय. कशाचं ठरवायचं तेच ठाऊक नाही."

लुआंग पूंनी महाकडे बघितलं आणि अगदी सहज विचारलं, "तुझी आई बरी आहे ना?"

आईला जाऊन आठ वर्षं झाली होती. एक खोटं बावीस वर्षं उरावर होतं, त्याच माणसापाशी दुसरं ठेवायला जागा नव्हती. तो उठला, फाइल काढली आणि पालीच्या परीक्षेला बसे तसा गुरूंसमोर गुडघ्यांवर बसला.

"कोलँजिओकार्सिनोमा," त्यानं वाचलं.

"फोड कर."

"कोल. म्हणजे पित्त."

"बत्तिसांत आहे. पुढं."

"अँजिओ. म्हणजे नळी. ती पित्ताची असल्यामुळे—"

"जोडू नकोस. तुकडा सांग."

"नळी. मग कार्सिन. म्हणजे खेकडा."

"खेकडा?"

"जुन्या लोकांना तो तसा दिसला, लुआंग पू. पाय पसरून बसलेला."

"आणि प्रत्यय?"

"ओमा," महा म्हणाला. "ओमा म्हणजे गाठ."

लुआंग पूंनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते, चारही तुकडे ते एकापुढं एक लावत होते. महा रडत होता आणि तशाही स्थितीत त्याला वाटलं, की आपण 'अँजिओ'ला चुकलो.

"बरी केलीस," लुआंग पू म्हणाले. "आता सांग, हे कुठून आलं, ते या शब्दात आहे?"

"नाही. कुठं आहे आणि काय आहे, एवढंच आहे."

"मासा हा धातू कुठं नाही?"

महानं मान वर केली. पोस्टर त्याला आत्ता आठवलं. "नाही, लुआंग पू."

"मग शब्दात नाही ते थाविनच्या कानावर घालायचं नाही. त्यानं श्रद्धेनं वाढलं, मी आवडीनं खाल्लं."

महानं फाइल परत पायथ्याशी लटकवली. मग महा म्हणाला, "लुआंग पू, आई तेव्हा आजारी नव्हती."

"ठाऊक आहे. बुआलोय माझ्याही पात्रात सोम तम घालायची. तिखट करते."

"मग निरोप का दिलात?"

"तू मागितलास. खोटं तुझं होतं, ते न्यायला येशील म्हणून वाट बघत होतो. बावीस वर्षं लावलीस."

लुआंग पू खोन केनला गेले नाहीत. विहारात परतले आणि चार महिने जगले. थाविन रोज व्रणाच्या गोळ्या आणून देई आणि ते त्याच्यासमोर त्या गिळून म्हणत, "व्रणाला आराम आहे हो." थाविन खूश होऊन जाई. रविवारी महा जाई, तेव्हा लुआंग पू नव्या शब्दांची फोड करून घेत. वर्गाच्या परीक्षेत महाला पन्नासात एकेचाळीस पडले, थोंगदमला चव्वेचाळीस. 'संपूर्ण शब्दाचा अर्थ लिहा' या प्रश्नात महानं नुसते तुकडे लिहिले होते. लुआंग पूंना हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले आणि मग कळ आली म्हणून थांबले.

अंत्यविधीला सात गावं लोटली. सगळं आटोपल्यावर मंडपात थाविन आणि महा चटया गुंडाळत होते.

"शांतपणे गेले," थाविन म्हणाला. "शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही आपण."

महा चटई गुंडाळत राहिला. वचन मोडल्याचं त्यानं थाविनला सांगितलं नव्हतं, आणि ते न सांगणंही आता जमत नव्हतं. "मला विचारलं होतं त्यांनी, कामनान. मी सांगितलं."

थाविन खाली बसला. चिडेल असं महाला वाटलं होतं, पण तो चिडला नाही. त्याचा चेहराच उतरला. "काय सांगितलंस? सगळं?"

"शब्दात होतं तेवढं."

"मासा?"

"शब्दात मासा नाही, कामनान. पित्त, नळी, खेकडा आणि गाठ. चारच तुकडे आहेत."

थाविननं बोटांवर मोजले. चार बोटं मिटली, अंगठा तसाच राहिला. त्या अंगठ्याकडे तो बघत राहिला.

"परत एकदा सांग," तो म्हणाला.

महा त्याच्याजवळ चटईवर बसला आणि त्यानं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.