थेंबरावांची कोरडी अँटेना

थेंबराव हे त्यांचं खरं नाव नाही. शिलाई मशिन दुरुस्त करणारा हा माणूस कोणाच्याही घरी गेला की आधी मशिनचं चाक हाताने फिरवून बघतो, मान तिरकी करून ऐकतो आणि म्हणतो, "एक थेंब टाकून बघू." बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. गिऱ्हाईक खूश होतं, आणि नाव पक्कं होत जातं.

त्यांच्या खिशात पेनाच्या जागी लांब चोचीची तेलाची बुधली असते. दाराच्या बिजागऱ्या, छत्रीच्या काड्या, शेजारणीच्या चष्म्याच्या दांड्या, काहीही त्यांच्या तावडीतून सुटत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेले तेव्हा त्यांनी छताच्या पंख्यात तेल सोडलं. जेवणं चालू असताना कोणीतरी पंखा लावला आणि सगळ्यांच्या अंगावर शिंतोडे उडाले. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "जावईबापू कामसू आहेत."

या सासऱ्यांची मोटार आज थेंबरावांच्या दारात उभी असते. फिक्या निळ्या रंगाची, लांब नाकाची, जुनी. तिची खुबी एकच. रेडिओ लावला की पुढच्या चाकावरच्या पत्र्यातून अँटेनाची चकचकीत काठी आपोआप वर येते, बंद केला की आत जाते. म्हातारबुवांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी गाडी मोठ्या जावयाला दिली. अट एवढीच की जो नीट ठेवील त्याच्याकडे ती राहील. अधूनमधून ते बसने लेकीकडे येतात. स्टँडवर उतरले की लगेच गाडीत बसत नाहीत. पत्र्याशेजारी हात मागे बांधून उभे राहतात आणि म्हणतात, "हं, लावा रेडिओ." काठी पूर्ण वर आली की मगच दार उघडतात.

मागच्या खेपेला काठी अर्ध्यावरच अडकली.

सासऱ्यांनी तिच्यावरून बोटं फिरवली आणि रुमालाला पुसली. मग म्हणाले, "दमली वाटतं. धाकट्या जावयाकडे बंद शेड आहे. तिथे आराम मिळेल बिचारीला." त्याच संध्याकाळी थेंबरावांच्या साडूचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर साडू हळूच म्हणाला, "टायर कुठल्या मापाचे आहेत हो गाडीचे?"

तेव्हापासून थेंबरावांनी उपचार वाढवले. उपचार म्हणजे तेल. सकाळी तेल, कामावरून आल्यावर तेल. काठी अर्ध्यावरून पावावर आली, आणि सासरे पुन्हा यायच्या आदल्या दिवशी पत्र्याबाहेर डोकंही काढेना.

"फ्यूज गेला असेल," थेंबराव म्हणाले. फ्यूज शाबूत निघाला. "मग मोटर जळली."

"जळली म्हणता, तर आत गुरगुरतंय काय?" त्यांच्या बायकोने पत्र्याला कान लावला होता. ती घराच्या पुढच्या खोलीत शिवणाचे वर्ग घेते. मशिनचा आवाज बदलला तर ती दुसऱ्या खोलीतून ओळखते. "मोटर फिरतेय, काठी हलत नाही. आपल्या मशिनचं असं कधी होतं?"

"पट्टा तुटला की."

"मग काढा की बाहेर!"

काठीला पत्र्याशी आवळून धरणारी गोल चाकी त्यांनी सैल केली आणि पकडीने काठी ओढली. ती चिकट, काळी होऊन आली. तिच्या बुडाला दाते असलेली प्लास्टिकची लांब दोरी असायला हवी होती. मोटर हीच दोरी ढकलते आणि ओढते, तिच्यावरच काठी चढते-उतरते. इथे दोरीचा नुसता शेंडा लोंबत होता. बाकीची आत राहिली होती. चाकावरचं झाकण काढून थेंबरावांनी आतला मोटरचा डबा बाहेर घेतला आणि उघडला. बॉबिनसारख्या चकतीला तुटकी दोरी गुंडाळलेली होती, आणि सगळ्यावर काजळासारखा थर होता.

बायकोने बोट बुडवून वास घेतला. "अहो."

"काय?"

"हा वास कसला?"

साबणाच्या वासापेक्षा थेंबरावांना तो वास जास्त ओळखीचा होता. "धूळ आहे," ते म्हणाले.

"धूळ आहेच. पण तिला इतके दिवस धरून कोणी ठेवलं?"

मोटारीचे सुटे भाग विकणाऱ्या बाईने जुनी काठी हातात घेतलीच नाही. लांबूनच विचारलं, "कोणत्या शहाण्याने यात तेल घातलं?"

"आधीच्या मालकाने," थेंबराव म्हणाले.

"म्हणजे माझ्या वडिलांनी का?" बायको म्हणाली, आणि तिथेच खोक्यांवर टेकून हसत सुटली. दुकानवालीला आधी काही कळेना. मग तिने थेंबरावांच्या खिशातली बुधली पाहिली आणि तीही हसायला लागली. नवी काठी कागदात गुंडाळताना तिने बजावलं, "कोरड्या फडक्याने पुसायची. बाकी काही नाही. अजिबात काही नाही."

डबा धुऊन, वाळवून, तुटकी दोरी काढून परत जागेवर बसवण्यात दुपार गेली. नवी काठी बसवायला दोघं लागतात. एकाने रेडिओ लावून मोटर वरच्या बाजूने फिरवायची, दुसऱ्याने दोरी भोकात सोडायची, मग रेडिओ बंद केला की मोटर उलटी फिरून दोरी आत ओढते. बायको गाडीत बसली.

"लाव! हं, आता बंद कर! बंद कर म्हणतो ना!"

"बंदच आहे. आवाज तुमचा चाललाय."

मोटर फिरून थांबली. दोरी जिथल्या तिथे. पुन्हा तेच. थेंबरावांचा हात नकळत खिशाकडे गेला.

"खबरदार!" बायको काचेतून ओरडली. खाली उतरून तिने दोरी बोटांत फिरवून पाहिली. "दाते कुणीकडे आहेत बघा. कापड उलटं धरलंय तुम्ही."

दाते चकतीकडे वळवले. रेडिओ लावला, बंद केला. सुईखाली कापड सरकावं तशी दोरी सरसर आत गेली, तिच्यामागून काठी एकात एक मिटत गेली आणि टोकाची गोळी पत्र्याला टेकली. थेंबरावांनी चाकी आवळली. मग रेडिओ लावला. काठी तडक वर, पूर्ण. रेडिओवर कोणीतरी भाजीचे भाव सांगत होतं. नवरा-बायकोने ते भाव गाणं ऐकावं तसे शेवटपर्यंत ऐकले.

सकाळी स्टँडवर निघण्याआधी थेंबराव गाडी पुसत होते. खिडकीतून आवाज आला, "हात खिशात कशाला गेला?"

"किल्ली बघतोय."

"किल्ली माझ्याकडे आहे. बुधली द्या इकडे."

सासरे बसमधून उतरले, पिशवी लेकीकडे दिली आणि पत्र्याशेजारी जाऊन उभे राहिले. "लावा."

काठी वर आली. अडखळली नाही, थांबली नाही. म्हातारबुवांनी ती चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत बोटं फिरवली. बोटं पाहिली. खिशातून काढलेला रुमाल न वापरता परत ठेवला.

"तेल?"

"नाही घातलं, मामा."

"का?"

थेंबरावांनी रिकाम्या खिशावर हात ठेवला. "तेलानेच बिघडली होती. माझ्याच."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"दर खेपेला रुमाल काळा व्हायचा."

"बाबा!" लेक म्हणाली, "मग सांगायचं नाही का?"

"जावयाला?" भर स्टँडवर नाचायला सांगितल्यासारखे ते तिच्याकडे बघत राहिले.

"मला तरी!"

"तुला सांगितलं म्हणजे त्यांनाच सांगितलं. म्हणून म्हटलं, गुपचूप गाडीच हलवावी. कोणाचा अपमान नको. धाकट्याकडे दारंसुद्धा करकरतात. तेलाची बाटली घरात नाही, हे मी स्वतः बघून आलो होतो."

लेकीने कपाळाला हात लावला. थेंबराव अजून दार धरून उभे होते. "मग आता?" त्यांनी विचारलं.

"आता काय? धाकट्याला फोन करतो. शेडमध्ये सायकली ठेव म्हणावं." म्हातारबुवा पुढच्या सीटवर बसले आणि त्यांनी स्वतःच रेडिओ बंद केला. काठी आत गेली. त्यांनी तो पुन्हा लावला. बसची वाट बघणारी चार माणसं वळून बघायला लागली. त्यांनी पुन्हा बंद केला, पुन्हा लावला.

"मामा," थेंबराव अखेर काकुळतीला येऊन म्हणाले, "दाते झिजतील."

"झिजू देत," सासरे बटणावरचा हात न काढता म्हणाले. "नवी घालता येते ना आता तुम्हाला?"